निसर्गसंस्थेची धुरा कुणाकडे? विश्वस्त, चेंज रिपोर्ट, सह्या आणि जमीन

कडेकपार (धागाकर्ता)

कोकण आणि घाटमाथा अशा दोन्ही बाजूंना काम करणाऱ्या एका निसर्ग-संवर्धन संस्थेसंबंधी विचारायचे आहे. नाव लिहीत नाही, कारण अशी अवस्था बऱ्याच संस्थांची आहे. नोंदणी नेहमीसारखी दुहेरी, म्हणजे संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० या दोन्हींखाली. संस्थेच्या घटनेप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) ९ जणांचे मंडळ, मुदत ५ वर्षे.

शेड्यूल वनच्या (परिशिष्ट १, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीच्या) उताऱ्यावर अजून जुनेच मंडळ आहे. त्यातले दोघे वारले, एक कायमचे परदेशी गेले. मागच्या दोन निवडणुकांचे चेंज रिपोर्ट (बदल कळवणारे अर्ज) धर्मादाय कार्यालयात दाखल झालेत, मंजूर एकही नाही. आता संस्थापक-अध्यक्ष वयामुळे बाजूला होऊ म्हणतात. त्यामुळे प्रश्न असे: अडकलेली ही रांग सोडवायची कशी? नव्या मंडळात कोणत्या प्रकारची माणसे हवीत? प्रकल्पावर पगार घेणारा संचालक विश्वस्तही असला तर चालते का? आणि देवराईला लागून ६ एकर खाजगी जमीन विकाऊ आहे, ती घ्यायची तर कुणाच्या नावावर? जाणकारांनी तपशिलात लिहावे.

---

धर्मादायची_पायरी

रांगेचा प्रश्न आधी सोडवा. बाकीच्या सगळ्यांचे मूळ त्यातच आहे.

विश्वस्तांत बदल झाला की ९० दिवसांत १९५० च्या कायद्याच्या कलम २२ खाली कळवायचे, नमुना परिशिष्ट ३. दाखल झाला म्हणजे मंजूर झाला असे नाही. चौकशी होते, आदेश होतो, मग परिशिष्ट १ वर नावे चढतात. तुमच्याकडे दोन अर्ज एकामागे एक अडकलेत. पहिली निवडणूक मान्य झाल्याशिवाय त्या मंडळाने केलेले नवे सभासद, त्यांच्या मतांवर झालेली दुसरी निवडणूक, सगळेच हवेत राहते. म्हणून तिसरी निवडणूक घेऊन ‘नव्याने सुरुवात’ करण्याचा मोह टाळा. जुना अर्ज आधी, नवा त्यानंतर. दोन्ही एकाच अधिकाऱ्यापुढे लागोपाठ सुनावणीला लावावेत असा विनंती अर्ज द्या.

अर्ज अडकतात ती कारणे बहुतेक वेळा अगदी क्षुल्लक असतात. सभेची नोटीस घटनेत लिहिलेल्या मुदतीइतकी आधी गेली याचा पुरावा नसतो. व्हॉट्सअॅपवर नोटीस टाकली म्हणून भागत नाही, घटनेत तशी तरतूद असेल तरच टाका. नाहीतर पोस्टाच्या पावत्या किंवा नोटीस वहीवर सह्या हव्यात. इतिवृत्तात ‘सर्वानुमते निवड झाली’ एवढेच लिहिलेले असते. सूचक, अनुमोदक, हजर सभासदांची सहीनिशी यादी, गणपूर्ती यांचा पत्ता नसतो. नव्या विश्वस्तांची संमतीपत्रे जोडलेली नसतात. जो गेला त्याचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला नसतो. सभासद नोंदवही अद्ययावत नसते, त्यामुळे मतदानाचा हक्क कुणाला होता तेच ठरत नाही. हे सगळे आता जमवता येते का ते पाहा. जुनी कागदपत्रे मागच्या तारखेने ‘तयार’ करू नका. ते उघडे पडले की चेंज रिपोर्ट तर जातोच, शिवाय कलम ४१-ड खाली विश्वस्तपद जाण्याची वेळ येते.

९० दिवस उलटून गेले असतील तर २०१७ च्या दुरुस्तीनंतर सबळ कारण दाखवून विलंब माफ करून घेता येतो. त्याच दुरुस्तीने आणखी एक सोय झाली. विश्वस्तांच्या नावातला बदल तात्पुरता मंजूर करून हरकती मागवल्या जातात, ३० दिवसांत हरकत आली नाही तर तो कायम होतो. हरकत आली की मात्र पुरावा, उलटतपासणी, वर्षे. म्हणून निवडून न आलेल्या किंवा रुसलेल्या जुन्या विश्वस्ताकडून आधीच लेखी ना-हरकत घ्या. एका माणसाच्या घरी जाऊन चहा पिण्याने चार वर्षे वाचतात.

परदेशी गेलेल्या विश्वस्ताबद्दल: राजीनामा मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर कलम ४७ आहे. विश्वस्त मरण पावला, सलग सहा महिने परवानगीशिवाय देशाबाहेर राहिला किंवा परदेशात स्थायिक झाला, तर हितसंबंधी व्यक्ती नवा विश्वस्त नेमण्यासाठी धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करू शकते. आणि कुणाचीच निवड कायदेशीर धरता येत नाही अशी गत असेल तर कलम ५०-अ खाली धर्मादाय आयुक्तांकडून संस्थेच्या कारभाराची योजना ठरवून घेणे हा शेवटचा उपाय. तो पहिला उपाय म्हणून वापरू नका.

---

आकडेमोड

वरच्या प्रतिसादाला जोडून. चेंज रिपोर्ट अडकला असला तरी हिशेब थांबत नाहीत. ३१ मार्चला खाती बंद, त्यानंतर सहा महिन्यांत लेखापरीक्षण. ताळेबंद परिशिष्ट ८, उत्पन्न-खर्च परिशिष्ट ९. अंदाजपत्रक वर्ष सुरू होण्याआधी. सलग काही वर्षे हिशेब न दिलेल्या मंडळाला पदावरून काढायला तेवढेच कारण पुरते.

बऱ्याच विश्वस्तांना माहीत नसते की नियम १९ खाली लेखापरीक्षकाने फक्त आकडे तपासायचे नसतात. विश्वस्तांची किमान-कमाल संख्या घटनेप्रमाणे आहे का, सभा वेळेवर होतात का, इतिवृत्त वही ठेवलेली आहे का, संस्थेच्या गुंतवणुकीत कुणा विश्वस्ताचे हितसंबंध आहेत का, कुणी विश्वस्त संस्थेचा धनको किंवा ऋणको आहे का, मागच्या वर्षीच्या त्रुटी दुरुस्त केल्या का, हे सगळे त्याच्या अहवालात यावे लागते. ५,००० रुपयांवरच्या बांधकाम-दुरुस्तीला निविदा मागवल्या का, हेही. (होय, पाच हजार. आज त्यात रोपवाटिकेची एक पाण्याची टाकीही होत नाही. पण प्रश्न विचारला जातो, म्हणून तीन दरपत्रके घेऊन फाइलला लावा.)

यातला धनकोचा मुद्दा निसर्गसंस्थांना हमखास बाधतो. अनुदानाचा हप्ता उशिरा येतो, पहारेकऱ्यांची मजुरी द्यायची असते, मग अध्यक्ष स्वतःच्या खिशातून लाखभर घालतात. भावना चांगली, पण कलम ३६-अ(३) प्रमाणे संस्थेसाठी कर्ज घ्यायला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, आणि विश्वस्ताने परतफेडीच्या बोलीवर दिलेली रक्कम हेही कर्जच. बँकेकडून कर्जावर जीप घेतली तरी तेच. पैसे परत नकोच असतील तर देणगी म्हणून पावती फाडा. परत हवे असतील तर परवानगी घ्या. ‘उचल’ नावाचे तिसरे काही खाते उघडू नका.

पगारी संचालकाबद्दल: घटना काय म्हणते ते आधी बघा. ‘विश्वस्त मानद काम करतील’ असे वाक्य असेल तर ते बदलल्याशिवाय एक रुपयाही देता येत नाही. तसे नसेल, तरी आयकर कायद्याच्या दृष्टीने विश्वस्त आणि त्याचे नातलग हे ‘विशेष संबंध असलेल्या व्यक्ती’. त्यांना दिलेला मोबदला कामाच्या मानाने वाजवी हवा, जास्त दिला तर करसवलतच धोक्यात येते. म्हणून कामाचे वर्णन, तासांची नोंद, तशाच पदाला इतर संस्था किती देतात याची तुलना आणि त्या ठरावाच्या वेळी संबंधित विश्वस्त सभेबाहेर गेल्याची इतिवृत्तात नोंद, एवढे ठेवा. खरे तर पगारी संचालकाला मंडळात निमंत्रित म्हणून बसवावे, मताचा अधिकार न देता. भांडणे कमी होतात.

---

कुरकुरे_म्हातारे

एवढे कागद सांभाळायचे तर पक्षी कधी बघायचे? जुन्या काळी चार जाणती माणसे जमली की संस्था उभी राहत होती. बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) १८८३ मध्ये आठ मुंबईकरांनी काढली, त्यात डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. तिथे कुणी चेंज रिपोर्ट भरला होता?

---

धर्मादायची_पायरी

@कुरकुरे_म्हातारे, १९५० चा कायदा १८८३ मध्ये नव्हता, म्हणून. :) पण ती संस्था आजवर टिकली ती निवडून येणारे नियामक मंडळ, सचिव, सभासद, नियतकालिक ही घडी बसली म्हणूनच. सालिम अलींसारखा माणूस गेल्यावरही काम चालू राहते, ते या घडीमुळे.

---

रानकेळ

मंडळात कोण हवे यावर थोडे क्षेत्राच्या बाजूने.

नऊ जागांत नऊ अभ्यासक भरू नका. दोन पुरेत: एक वनस्पती किंवा प्राणी यांचा, एक सागरी, कारण संस्था दोन्हीकडे काम करते. खजिनदार ज्या गावात बँकेचे खाते आहे तिथे किंवा तासाभराच्या अंतरावर राहणारा हवा. जमिनीचे दप्तर कळणारा एक, निवृत्त तलाठी किंवा भूमी अभिलेखातला असेल तर सोन्याहून पिवळे. ज्या गावांत काम चालते तिथली किमान तीन माणसे, त्यात बायका. आणि त्यांना नुसते शोभेला बसवायचे नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ पासून वेळासला समुद्री कासवांचे काम उभे केले. ते टिकले याचे मोठे कारण म्हणजे घरटी राखणारे, पाहुण्यांची सोय करणारे गावातलेच होते. बाहेरून आलेले तज्ज्ञ हंगाम संपला की जातात.

नामवंत माणसांसाठी सल्लागार मंडळ काढा. त्यांची नावे परिशिष्ट १ वर नकोत. सभेला येत नाहीत, गणपूर्ती मोडते, आणि चेंज रिपोर्टच्या वेळी त्यांची सही मिळवायला मुंबई-दिल्ली गाठावी लागते.

सह्यांचा प्रश्न क्षेत्रात कसा आदळतो ते सांगतो. आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची विण साधारण नोव्हेंबर ते मार्च. रात्री किंवा पहाटे मादी अंडी घालून जाते, एका घरट्यात शंभराच्या आसपास. भरतीच्या रेषेखाली किंवा कुत्र्या-कोल्ह्यांच्या टापूत घरटे असेल तर ते काही तासांच्या आत उचलून कुंपणातल्या हॅचरीत, साधारण दीड फूट खोल, मूळ खड्ड्याच्याच आकारात पुरावे लागते. उशीर झाला आणि मग अंडे फिरले, तर आतला गर्भ दगावतो. म्हणजे पहारेकरी त्या पहाटे किनाऱ्यावर हवाच. पुढे उबवण ४५ ते ५५ दिवस, वाळूच्या तापमानावर कमी-जास्त. आता समजा ऑक्टोबरमध्ये मंडळाच्या वादात बँकेने सह्या गोठवल्या. नोव्हेंबरची मजुरी दिली गेली नाही, पहारेकरी मासेमारीला गेला. जानेवारीत सह्या सुटल्या तरी गेलेली घरटी परत येत नाहीत. म्हणून हंगामी कामांचा ठराव आणि रक्कम सप्टेंबरच्या सभेतच मंजूर करून प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवा, तीनपैकी कोणत्याही दोघांच्या सहीने चालणाऱ्या.

आणि परवानग्या. कासव वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, अंडी हलवणे हे वनखात्याच्या परवानगीने आणि त्यांच्या देखरेखीतच करायचे. संशोधनाच्या परवानग्या नागपूरहून प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्याकडून येतात, त्या बहुतेकदा एका नावावर असतात. तो माणूस संस्था सोडून गेला की परवानगी संस्थेकडे राहत नाही. अर्जातच मुख्य संशोधकाबरोबर सहसंशोधकांची नावे घाला, आणि प्रत्येक परवानगीची मुदत, नाव, अटी यांची वही सचिवाकडे ठेवा.

---

पायवाट

हितसंबंधांबद्दल कुणी बोलले नाही. आपल्याकडे पर्यावरणाचे जाणकार थोडे, त्यामुळे एकच माणूस संस्थेचा विश्वस्त, जिल्ह्याचा मानद वन्यजीव रक्षक, ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला मार्गदर्शक आणि पोटापाण्यासाठी पर्यावरण आघात अहवाल लिहिणाऱ्या सल्लागार कंपनीत, असे सर्रास असते. खाण किंवा पवनचक्की प्रकल्पाच्या जनसुनावणीत संस्था हरकत घेते आणि प्रकल्पाचा अहवाल त्याच विश्वस्ताने लिहिलेला निघतो. विरोधी वकिलाला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

उपाय फार अवघड नाही. दरवर्षी पहिल्या सभेत प्रत्येकाने एका पानावर लिहून द्यायचे: नोकरी, सल्लागारी, संस्थेच्या कार्यक्षेत्रातली जमीन, पर्यटनाचा व्यवसाय (रिसॉर्ट, होमस्टे सगळे आले), इतर संस्थांतली पदे. विषय आला की त्या माणसाने चर्चेतून उठायचे. जमिनीची नोंद विशेषतः महत्त्वाची. संरक्षित पट्ट्यालगत विश्वस्ताच्या चुलतभावाने प्लॉट पाडले तर गावात संस्थेचे तोंड बंद होते.

---

आकडेमोड

यात निधीचीही भर. परकीय देणगीची नोंदणी असेल तर मुख्य पदाधिकारी बदलल्यावर गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर ४५ दिवसांत कळवायचे असते. धर्मादायकडचे ९० आणि हे ४५ यांत लोक गल्लत करतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांवर नेता येत नाही आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. गावातल्या युवक मंडळामार्फत कामे करून घ्यायची जुनी पद्धत त्यामुळे बंद. बाकी दर्पण (सरकारचे संस्था-नोंदणी पोर्टल), सीएसआर-१ (कंपन्यांचा सामाजिक निधी घेण्यासाठीची नोंदणी), ८०-जीचे (देणगीदाराच्या करसवलतीचे) नूतनीकरण, बँकेचे केवायसी या प्रत्येक ठिकाणी पदाधिकाऱ्यांची यादी वेगळी भरलेली असते. सगळीकडे तीच नावे, आधारवरच्या स्पेलिंगसकट, आहेत का ते एकदा ताडून पाहा. सीएसआर देणाऱ्या कंपन्या आधी शेड्यूल वनच मागतात. त्यावर वारलेल्या माणसाचे नाव दिसले की तिथेच थांबतात.

---

सातबारा

जमिनीवर सविस्तर लिहितो, कारण इथेच चांगल्या संस्था फसतात.

ती ६ एकर शेतजमीन म्हणून नोंदलेली असणार, मग वर जंगल का असेना. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ चे कलम ६३ म्हणते की शेतकरी नसलेल्याला शेतजमिनीची विक्री, बक्षीस, अदलाबदल, भाडेपट्टा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय करता येत नाही. संस्था शेतकरी नाही. तेव्हा ‘विकत नको, बक्षीसपत्र करून घेऊ’ किंवा ‘३० वर्षांचा भाडेपट्टा करू’ या पळवाटाही बंद. परवानगीशिवाय केलेला व्यवहार अवैध ठरला तर कलम ८४-क खाली जमीन सरकारजमा होऊ शकते.

मग लोक काय करतात, तर शेतकरी असलेल्या एका विश्वस्ताच्या नावावर घेतात. हे अजिबात करू नका. पैसे संस्थेचे, सातबारा त्याचा. तो गेला की वारसांची नावे फेरफाराने लागतात, आणि वारसांवर संस्थेचे काहीही बंधन नसते. हिशेबातही ती रक्कम ‘विश्वस्ताला दिलेले येणे’ अशी दिसते. वर नियम १९ बद्दल लिहिले आहेच.

सरळ वाट म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज. त्याआधी जमिनीचे हे पाहा: सातबारावर किती सामाईक खातेदार आहेत (कोकणात वीस-पंचवीस नावे, निम्मी मुंबईत, काही वारस नोंदीच झालेल्या नाहीत), पोटहिस्सा मोजून वेगळा झाला आहे का, ‘इतर हक्कां’त कूळ, बोजा किंवा देवाचे नाव आहे का, खाजगी वने (संपादन) अधिनियम १९७५ खाली ती जमीन आधीच सरकारकडे गेलेली तर नाही ना. शेवटचे वनखात्याकडून लेखी घ्या. विकणाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. देवराईलगत असल्याने हद्दीवरून गावकीशी वाद होणारच, म्हणून मोजणीच्या दिवशी गुरव, मानकरी आणि लगतचे कब्जेदार हजर ठेवून पंचनामा करा.

खरेदी झाली तर स्थावर मालमत्तेची भर म्हणून तिचाही चेंज रिपोर्ट ९० दिवसांत द्यायचा. आणि एकदा जमीन संस्थेची झाली की पुढे ती विकायला कलम ३६ ची पूर्वपरवानगी लागते. संवर्धनाच्या दृष्टीने हे उलट बरेच आहे, पुढच्या मंडळाला मोह झाला तरी सहज विकता येत नाही.

खरेदी जमत नसेल तर संवर्धन करार. संगमेश्वर भागात एईआरएफ (अप्लाइड एन्व्हायरन्मेंटल रिसर्च फाउंडेशन) या संस्थेने जमीनमालकांशी असे करार करून खाजगी जंगले राखण्याचे काम केले आहे. ताबा आणि मालकी मालकाकडेच, तो ठरावीक वर्षे उभी झाडे ठेकेदाराला विकणार नाही, संस्था त्याबदल्यात मोबदला किंवा गावाच्या उपयोगाचे काम देणार. करारात गट नंबर, झाडांची मोजणी करून यादी, मालकाचा स्वतःचा वापर किती (सरपण, कवळ, शेतीची अवजारे), तपासणी वर्षातून किती वेळा, मालक वारला तर वारसांवर बंधन, हे सगळे लिहा. सर्व सामाईक खातेदारांच्या सह्या असल्याशिवाय पैसे देऊ नका, एक जरी राहिला तरी तोच पुढे तोडीचा अर्ज करतो.

---

कडेकपार

सगळ्यांचे आभार. दोन उपप्रश्न. संस्थेच्या उद्देशांत फक्त ‘वृक्षलागवड व वन्यजीव’ आहे, सागरी काम बसते का? आणि निवडणुकीच्या तोंडावर एका गटाने शे-दीडशे सभासद एकदम करायला घेतलेत, ते अडवता येतील का?

---

धर्मादायची_पायरी

कासव वन्यजीवच, त्यामुळे ते बसते. कांदळवन, प्रवाळ, मासेमारांचे प्रशिक्षण असे काही करायचे असेल तर उद्देश वाढवून घ्या. १८६० च्या कायद्याचे कलम १२: प्रस्ताव सभासदांना विशेष सभेच्या किमान १० दिवस आधी, सभेत तीन-पंचमांश मते, मग एक महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा आणि तिथेही तीन-पंचमांश. एकाच दिवशी सकाळ-संध्याकाळ दोन सभा दाखवलेले प्रस्ताव फेटाळले गेल्याचे मी पाहिले आहे. नंतर याचाही चेंज रिपोर्ट.

सभासदांचे: घटनेत प्रवेशाची पद्धत काय आहे तीच चालेल. बहुतेक घटनांत अर्ज मंडळापुढे येऊन मंजूर व्हावा लागतो, नुसती फी भरून कुणी सभासद होत नाही. मंजूर मंडळ कोणते हाच तुमच्याकडे वाद आहे, म्हणजे आत्ता केलेला प्रत्येक नवा सभासद उद्याच्या हरकतीचे कारण ठरेल. दोन्ही गटांनी जुना चेंज रिपोर्ट निकाली निघेपर्यंत नवे अर्ज प्रलंबित ठेवायचे असे लेखी ठरवा. ते पटले नाही तर कलम ४१-अ खाली निर्देश मागा. पुढच्यासाठी घटनेत दुरुस्ती: निवडणुकीच्या किमान एक वर्ष आधी झालेल्या सभासदालाच मत.

---

सातबारा

जाता जाता, त्या ६ एकरांचा विसार इतक्यात देऊ नका. चेंज रिपोर्ट मंजूर नाही म्हणजे खरेदीखतावर संस्थेतर्फे सही कुणी करायची हेच ठरलेले नाही. दुय्यम निबंधकाकडे ठराव आणि शेड्यूल वन दोन्ही लागतील. तोवर मालकाशी वर्षा-दोन वर्षांचा संवर्धन करार करून ठेवलात तर झाडे तरी राहतील. आत्ता पाऊस उघडला की ठेकेदार फिरायला लागतील.